बाहीचा नियम

शिकागोहून त्या तुरुंगापर्यंत गाडीने पाच-सहा तास लागतात. आमची माणसं एवढ्या लांब, मक्याच्या शेतांत का नेऊन ठेवतात, असं मी पहिल्याच खेपेला ओझेला मावशींना विचारलं होतं. आमच्या चर्चची व्हॅन त्याच चालवायच्या.

"आपण कंटाळून यायचं सोडावं म्हणून," त्या म्हणाल्या. "मी किती हट्टी आहे ते त्यांना ठाऊक नाही ना! कोंबडीचा डबा उघड पोरी, आणि मला तंगडी दे."

त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. पण आमच्या मोहल्ल्यात त्यांना मावशी न म्हणणारं कुणी नव्हतं. त्यांचा मुलगा वेंडेल सतरा वर्षांचा असताना आत गेला. दोन मोठ्या पोरांनी दुकान लुटलं, हा बाहेर उभा होता. शिक्षा मात्र म्हातारपणापर्यंत पुरेल एवढी. आता त्याच्या दाढीत पांढरे केस होते.

माझा नवरा टेरॉन गॅरेजमध्ये कामाला होता. त्याच्याबरोबरचा ब्रॅडी हा गोरा मुलगा. दोघं एकाच गाडीत, अमली पदार्थाच्या एकसारख्या पुड्यांसकट पकडले गेले. ब्रॅडीला न्यायाधीशांनी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं, आमच्या काळ्या टेरॉनला सहा वर्षांचा तुरुंग. तेव्हा मला दिवस गेलेले होते. नायला जन्मली, तिला दात यायला लागले, पण बापाने तिला अजून हातात घेतलं नव्हतं.

त्या शनिवारी तिला घेऊन मी पहिल्यांदाच निघाले. असह्य उकाडा होता. मी बिनबाह्यांचा पिवळा फ्रॉक घातला होता, टेरॉनला आवडायचा तो.

दारावरच्या पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दंड उघडे आहेत. आत जाता येणार नाही."

"असं कुठे लिहिलंय?"

"नियम आहे."

माझ्या पुढच्याच बाईला त्याने नुकतंच आत सोडलं होतं. ती गोरी होती आणि तिचेही दंड उघडेच होते. मी बोट दाखवलं. तिने मागे वळून पाहिलं, लालबुंद झाली आणि आत निघून गेली.

"तिला बाह्या आहेत का?" मी ओरडले. "की माझेच दंड तुमच्या डोळ्यांत खुपतात?"

पहारेकऱ्याचा हात कमरेच्या वॉकीटॉकीकडे गेला. तेवढ्यात मावशींनी माझं कोपर धरलं. "याच्याशी भांडलीस तर वर्षभर भेट बंद करतील. चल गाडीत."

व्हॅनमध्ये त्यांनी आपला रविवारचा, लांब बाह्यांचा जांभळा झगा सरळ डोक्यावरून काढला. मी बघतच राहिले.

"मावशी, हे काय? आणि वेंडेल?"

"वेंडेलने माझं तोंड हजारदा पाहिलंय. या पोरीने बापाचं एकदाही नाही. घाल मुकाट्याने."

"मी तुमच्या निम्मी आहे!"

"मग दोन वेळा गुंडाळ. आणि हसू नकोस हं, हा झगा घालून मी बिशपसमोर गायलेय."

व्हॅनने आलेल्या बाकीच्या बायकांनी हसत हसत माझ्या कमरेला रुमाल बांधला. मावशी आतल्या परकरावर चादर लपेटून मागच्या सीटवर राणीसारख्या बसल्या. पहारेकऱ्याने माझ्या बाह्या पाहिल्या आणि मला आत सोडलं.

टेरॉन मला बघून आधी खो-खो हसला. "लनेट, तंबू घालून आलीस?" मग त्याने नायलाला घेतलं आणि त्याचं हसू थांबलं. तिने त्याचं नाक मुठीत धरलं. तो हललासुद्धा नाही, जणू हलला तर ती नाहीशी होईल.

झगा कुणाचा ते मी सांगितलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वेळ संपायला अजून अवकाश आहे. तू बाहेर जा आणि मावशींना पाठव."

"अरे, एवढ्या लांबून आलेय मी तुझ्यासाठी!"

"माहितेय गं. पण वेंडेल सकाळपासून दाढी विंचरून बसलाय. मला इथे पहिल्या आठवड्यात त्यानेच सांभाळलं. जा ना."

मी रडत रडतच बाहेर आले. मावशींनी मला आधी शिव्या दिल्या, "गाढवं आहात दोघंही," आणि मग घाईघाईने झगा चढवला. नायलाने खांद्यावर दूध ओकलं होतं. तसाच घालून त्या गेल्या. वेंडेलने तो डाग पाहिला आणि म्हणाला, "आई, या वयात?" परतीच्या वाटेवर त्यांनी हे आम्हाला चारदा ऐकवलं आणि चारही वेळा स्वतःच हसल्या.

पण प्रकरण त्यांनी तिथे सोडलं नाही. तुरुंगांच्या सुधारणांवर विधिमंडळाची समिती लोकांचं म्हणणं ऐकणार होती. मावशी व्हॅनभर बायका घेऊन तिथे गेल्या. मीही गेले.

"साहेब," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "माझ्या पोराची चूक होती, मी नाही म्हणत नाही. पण चूक एक आणि माप दोन, हे कोर्टात सुरू होतं ते तुरुंगाच्या दारापर्यंत पोचतं. तिथे तर आम्ही गुन्हेगारही नसतो. नुसत्या आया असतो."

त्यांच्यानंतर एक गोरी बाई उठली. त्या दिवशी दारावर माझ्यापुढे होती तीच, जोलीन. तिचा भाऊ आत होता. "मला सोडलं, हिला अडवलं," ती म्हणाली. "मी तेव्हा बोलायला हवं होतं." मला तिचा राग होता. तो लगेच गेला असं नाही, पण बाहेर तिने नायलाला हात केला तेव्हा मी नायलाला दुसरीकडे वळवलं नाही.

तुरुंगाच्या दारावर आता पोशाखाचा नियम मोठ्या अक्षरांत लागलाय, सगळ्यांना सारखाच. खाली हुकांवर उसने शर्ट टांगलेले असतात. समितीपुढे शिक्षा कमी करायचं विधेयकही होतं, ते मात्र त्या वर्षी पडलं, पुढच्याही वर्षी पडलं. मावशी म्हणायच्या, "पडू दे. मीही चालायला शिकताना पडले होते." तिसऱ्या खेपेला ते पास झालं. लहानपणी आत गेलेल्यांचे खटले पुन्हा बघायचं ठरलं.

टेरॉन तोवर चांगल्या वागणुकीमुळे लवकर सुटून घरी आला होता. पुढच्या वसंतात वेंडेलही आला.

परवा रविवारी टेरॉन त्याला आमच्या जुन्या फोर्डवर गाडी शिकवत होता. आयुष्यात वेंडेलने कधी स्टिअरिंग हातात धरलं नव्हतं. मावशी मागच्या सीटवर, पट्टा आवळून बसलेल्या.

"ब्रेक, वेंडेल! अरे, ब्रेक! खार आहे पुढे!"

"आई, खार झाडावर आहे."

"खाली उतरली तर?"

वेंडेलने गाडी थांबवली. मग खार पानांत दिसेनाशी होईपर्यंत ते तिघंही काचेतून वर बघत बसले.