गोवर ओसरीवर येऊन बसला

लशींसाठी परदेशातून येणारी मदत थांबली, त्या आठवड्यात गोवर आमच्या ओसरीवर येऊन बसला. अंगात लाल ठिपक्यांचा शर्ट, मांडीवर मिटलेली छत्री. चपला त्याने दाराशी नीट जोडून ठेवल्या.

"मुलीला कितवा महिना?" त्याने विचारलं.

"नववा."

"मग थांबतो."

मी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो थोडा आत सरकला. त्याच्यामागून ओसरीही आत आली. संध्याकाळपर्यंत आमच्यासाठी पाळण्यापुरतीच जागा उरली. पाळण्यात जुई, आणि त्याला चिकटून मी आणि माझी बायको रोहिणी.

रोहिणीने उपकेंद्रातल्या प्रमिला सिस्टरना बोलावलं. दार पाहुण्याच्या पाठीमागे गेलं होतं, म्हणून त्या खिडकीतून आल्या. लशीची निळी पेटी त्यांनी उघडून दाखवली. आत नुसता बर्फ होता.

"पाठवणाऱ्यांनी हात आखडला. आता घरातल्याच कुणाची तरी लस काढायची. लहानपणी टोचलेली असते ना दंडात."

"माझी घ्या," रोहिणी म्हणाली.

सिस्टरनी तिचा दंड चाचपला. "तुमची गेली, ताई. ही पोटात असतानाच तुम्ही देऊन टाकलीत. त्यावरच तर पोरीने इतके महिने काढले. दादा, तुम्ही या. अगंबाई, हा दंड म्हणायचा का काडी?"

रोहिणी हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

सिरिंजमध्ये चार थेंब आले. इतक्या वर्षांनीही ते गार होते. सुई लागताच जुईने भोकाड पसरलं, आणि त्या आवाजासरशी भिंती मागे हटल्या. स्वयंपाकघर परत आलं. दार जागेवर आलं.

"रडू दे गं, खुशाल रडू दे," रोहिणी तिला थोपटत म्हणाली. तिचेच डोळे वाहत होते.

"अर्धा तास इथंच बसा. ताप आला तर घाबरू नका," असं सांगून सिस्टर दारातून गेल्या.

पाहुण्याने पाळण्यात वाकून पाहिलं. "झालं वाटतं," तो म्हणाला आणि छत्री घेऊन बाहेर गेला. मी त्याला पोचवायला ओसरीवर आलो. माझा डावा हात इतका हलका झाला होता की वाऱ्याने हलत होता. आत जुई झोपली होती आणि रोहिणी चहा टाकत गुणगुणत होती.

एक चप्पल पायात घालून तो थांबला.

"तुम्हाला कितवं वर्ष?"

"एकेचाळिसावं."

त्याने चप्पल काढली आणि माझ्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवली. मी सरकून त्याला जागा करून दिली.