देवीने मान हलवली

"हात दाखवा," मी म्हणाले. त्या सहा रोमन शिपायांनी निमूट हात पुढे केले.

चार दिवसांपूर्वी याच हातांनी त्यांनी आमचं गाव कापून काढलं होतं. आज आंघोळी करून, पांढरे कपडे घालून देवीपुढे अदबीने उभे होते. हसावं की थुंकावं, मला कळेना. चाळीस वर्षं मी तिला न्हाऊमाखू घातलं, वस्त्रं नेसवली. आमच्या घराण्याबाहेरच्या कुणी तिला शिवायचं नाही, अशी रीत. म्हणून तर त्यांच्या नायकाने मला देवळात ठेवलं होतं. बाकीची बायकामाणसं बाहेर अंगणात कैदेत होती आणि सगळ्यांना एकच प्रश्न खात होता. देवी होती, तर गाव पडलं कसं?

आम्ही तिला ऊनी म्हणायचो. यांनी केव्हाच तिला आपल्या जूनोदेवीचं नाव देऊन टाकलं होतं. हल्ल्याआधी म्हणे त्यांच्या सेनापतीने तटाबाहेरून तिला साद घातली, 'हे गाव सोड, आमच्याकडे ये, याहून मोठं देऊळ बांधतो.' आधी देवाला आपल्याकडे बोलवायचं, मग त्याचं गाव लुटायचं, ही यांची पद्धत. देवाशी यांचं वैर नाही. वैर फक्त आमच्याशी.

"काय आई, येतेस का रोमला?" त्यांच्यातल्या एका थोराड शिपायाने विचारलं.

देवीने मान हलवली.

"हो म्हणाली! बघितलंत ना?" सगळे गुडघ्यांवर आले. एक तर ढसाढसा रडायलाच लागला.

मूर्ती लाकडी. मानेची खुंटी माझ्या आजीच्या वेळेपासून ढिली. दर वसंतात मी तिथे लोकर ठासून भरायची. यंदा वेढ्यात मेंढ्याच खाऊन संपल्या, लोकर कुठून आणू? कुणाचा तरी गुडघा चौथऱ्याला लागला असणार. खरं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. निदान हात जोडून नेत होते. नाही म्हटलं असतं, तर दोर बांधून फरफटत नेली असती.

दुपारी देवीला घेऊन गाडी गेली आणि मला अंगणात ढकललं. माझी भावजय वेलिया भिंतीशी बसली होती. तिचा मुलगा आर्न्थ तटावर लढताना पडला, तेव्हापासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"वन्सं, खरं सांगा. ती आपणहून गेली?"

"छे गं! आपली आई तसली आहे का? ढिली खुंटी हलली, एवढंच. तिला उचलून नेलं मेल्यांनी."

मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"म्हणजे त्या दिवशी ती आत होती? मी तिच्या पायांवर डोकं आपटत होते, माझा आर्न्थ तिकडे मरत होता, आणि ती आत बसून ऐकत होती?"

मी तिचे दोन्ही हात धरले.

"नाही गं. खोटं बोलले मी. लाज वाटली म्हणून. ती आधीच गेली होती, त्यांची हाक आली तेव्हाच. तू डोकं आपटलंस ते नुसत्या लाकडावर. आज रोमला येतेस का विचारलं, तर हो म्हणाली. या डोळ्यांनी पाहिलं मी."

"तरीच," वेलिया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. माझ्या मांडीत तोंड खुपसून ती देवीला शिव्या देऊ लागली. सटवी म्हणाली, बेइमान म्हणाली, याहून वाईट म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि प्रत्येक शिवीला म्हणत होते, "हो गं. हो."