पोपट म्हणतो, आम्ही एका पाळीत नको

साहेब, माझा संसार तुम्ही फाटकावर आणून ठेवलात. यंत्राचं नाव पुढे करू नका. यंत्राला लाज नसते, त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. तुमच्याकडून होती.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण बाकीच्यांनाही कळू दे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमचा धुलाईचा कारखाना. गावातल्या सगळ्या दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे आमच्याकडे येतात. मी ड्रायरवर, माझी बायको घडीच्या टेबलावर. माझ्या हातातली गरम चादर तिच्या हातात जाते, असं आमचं प्रेम जुळलं. त्यात काव्यबिव्य काही नव्हतं. चटके मात्र होते.

आणि आमच्याकडे एक कविराज आहेत. हुद्दा स्टोअरकीपर, काम साबणाच्या गोण्या मोजणं, खरा धंदा खोटी परिपत्रकं लिहिणं. कुणाचं लग्न ठरो, कुणाला मूल होवो, कुणी निवृत्त होवो, कविराज कंपनीच्या कागदावर, क्रमांक-विषय-संदर्भ घालून, अगदी ऑफिसच्या भाषेत चेष्टेचं परिपत्रक काढणार आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावर उभे राहून वाचणार. ही आमची वर्षानुवर्षांची रीत. प्रिंटर एकाच कॉम्प्युटरला जोडलेला, त्यामुळे खरी परिपत्रकं आणि कविराजांची परिपत्रकं एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने नांदत होती. कुणाचा गोंधळ झाला नाही. माणसाला चेष्टा कळते हो.

मग तुम्ही एआयवालं शोधयंत्र आणलंत. "आता फायली उपसायच्या नाहीत. नुसतं विचारायचं!" खोटं कशाला बोलू, सुरुवातीला आम्हीही भाळलो. इस्त्रीच्या जुन्या रोलरचा पट्टा कसा बदलायचा, हे त्याने चित्रासकट काढून दिलं. विचारलेलं घडाघडा बोलायचं, म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं पोपट.

पहिला बळी आमचा सुपरवायझर. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. तो कुजबुजला तरी वाळत घातलेले अभ्रे हलतात. कार्यालयातल्या टाचणीबाईंनी, म्हणजे पाळ्या लावणाऱ्या बाईंनी, सहज पोपटाला विचारलं, "आवाजाबद्दल काही नियम आहे का?" पोपट म्हणाला, "होय. सुपरवायझर यांनी हॉलमध्ये फक्त खुणांनी बोलावे." भोंग्याच्या वाढदिवसाचं परिपत्रक होतं ते! दुसऱ्या दिवसापासून बिचारा हात हलवत फिरू लागला. 'गाडी आली' सांगायला स्टिअरिंग फिरवायचा, 'साबण संपला' सांगायला स्वतःला खसाखसा चोळायचा. बायका टेबलाखाली बसून हसल्या. मीही हसलो. पुढची पाळी माझीच आहे, हे कुठे माहीत होतं.

टाचणीबाईंनी पोपटाला दुसरा प्रश्न घातला. नवरा-बायकोला एका पाळीत ठेवायचं का? पोपट उत्तरला, "नाही. सदर दांपत्य एकत्र आल्यास चादरींच्या घड्या वाकड्या पडतात. सबब एकाने सकाळी व दुसऱ्याने संध्याकाळी यावे."

आमच्या लग्नाचं परिपत्रक!

तेव्हापासून ती सकाळी, मी संध्याकाळी. ती बाहेर पडते तेव्हा मी आत शिरतो. फाटकावर ती कपाटाची किल्ली देते, मी घराची देतो. "गॅस बंद केलात का?" "केला." "दूध?" "तापवलं." झाला संसार! एकदा ती तिथेच थांबली आणि म्हणाली, "अहो, मी लग्न तुमच्याशी केलं की या फाटकाशी?" वॉचमनने मान दुसरीकडे वळवली. माझ्या तोंडात शिवी आली, पण कुणाला द्यायची?

मी टाचणीबाईंकडे गेलो.

"बाई, ती चेष्टा होती."

"नोंद आहे."

"ज्याने लिहिलं त्यालाच आणलंय. कविराज, सांगा!"

कविराज छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, मीच लिहिलं. गाढवपणा माझा."

बाईंनी पोपटाला विचारलं. पोपट म्हणाला, "परिपत्रकात चेष्टेचा उल्लेख आढळत नाही."

"बघा," बाई म्हणाल्या.

"अहो, लेखक समोर उभा आहे!"

"तो उभा आहे हो. पण फोल्डरमध्ये नाही ना."

यावर माणसाने काय करावं? कविराजांनी जे करायचं तेच केलं. खाली गेले, कागद घातला आणि टाइप केलं, 'मागील परिपत्रक रद्द. सदर दांपत्य एका पाळीत असल्यास घड्या अधिक सरळ पडतात असे आढळून आले आहे.' पोपटाने ते गिळलं. "सर्वात ताज्या परिपत्रकानुसार..." आणि आम्ही पुन्हा एका पाळीत! मी ड्रायरमधून चादर काढली, तिने दोन कोपरे धरले, आणि आम्ही दोघं चादरीसकट गरगर फिरलो. भोंग्याने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या; बोलायला बंदी होती ना.

मग काय, सगळ्यांनाच अक्कल आली. घडीवाल्या बायकांनी उशा लावलेल्या खुर्च्या मंजूर करून घेतल्या. गाडीवाल्याला फाटकावर सलाम सुरू झाला. वॉचमन दात खात ठोकायचा, गाडीवाला मुद्दाम दोनदा आतबाहेर करायचा. भोंग्याला आवाज परत मिळाला आणि एकदम इतका मिळाला की खिडकीची काच वाजली. आणि कुणीतरी लिहिलं, 'साहेबांनी रोज एका पलंगपोसाची स्वहस्ते घडी करावी.'

तुम्ही आलात, साहेब! टाय खांद्यावर टाकून आलात. पोपटाने सांगितलं म्हणून का होईना, आमच्या टेबलाशी पहिल्यांदा उभे राहिलात. माझ्या बायकोने समोरचे कोपरे धरले. "कोपऱ्याला कोपरा, साहेब. ओढा. नाही हो, तुमच्याकडे!" पलंगपोसाची पुरचुंडी झाली. तुम्ही हसलात, आम्ही हसलो, भोंगा तर असा हसला की पलीकडच्या धुलाईयंत्राचं झाकण उघडलं. माझ्या आयुष्यात इतकी मजेची सकाळ दुसरी नाही.

मग तुम्हाला कुणीतरी कानात सांगितलं की ही नवी परिपत्रकं आम्हीच लिहितो. आणि तुम्ही काय केलंत? पोपट आल्यानंतरची सगळी परिपत्रकं बाद. खुर्च्या गेल्या, सलाम गेला. जाऊ दे, ते आमचे लाड होते. पण पोपट येण्याआधीची परिपत्रकं तुम्ही 'तपासलेली' ठरवलीत. म्हणजे आमची पाळी जोडणारं रद्द आणि तोडणारं कायम! चेष्टा खरी, दुरुस्ती खोटी. भोंग्याचे हात पुन्हा हलू लागले. मी पुन्हा संध्याकाळी.

मी तुमच्या दारात आलो, तर तुम्ही पडद्याकडे बोट दाखवलंत. "माझ्या हातात काही नाही. यंत्र जे सांगतं ते."

साहेब, आमच्या लग्नाचं परिपत्रक कविराजांनी खास मांडवात येऊन वाचलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? पहिल्या रांगेत, माझ्या सासऱ्यांच्या शेजारी. 'घड्या वाकड्या पडतात' या वाक्याला तुमच्या नाकातून सरबत आलं. सासऱ्यांनी रुमाल दिला. तुम्ही कविराजांना ओरडून सांगितलंत, "पुन्हा वाचा, पुन्हा वाचा!" ही चेष्टा आहे, हे या इमारतीत कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते तुम्हाला.

मग पोपटाला कशाला विचारता? स्वतःला विचारा. मी इथे तुमच्या दारातच उभा आहे, खाली ड्रायर थांबलाय, फाटकावर बायको थांबलीय. सोमवारपासून आम्ही दोघं एका पाळीत आहोत की नाही? पडद्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा आणि बोला.