खोड ऐकताना

बटणाएवढी. त्याहून मोठी नव्हतीच ती अळंबी... बुंध्यातून मुळं फुटतात त्या खाचेत, तपकिरी, वरून तेल चोळल्यासारखी चकचकीत. मामाने ती नखाने उकरून पाहिली. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्याच्या मनात आलं, एवढ्याशा जिवाला काय घाबरायचं... पण अळंबी कधी एकटी येते का? एक पाहुणा दारात दिसतो, तेव्हा आत अख्खं वऱ्हाड उतरलेलं असतं, खोड कुजवत.

शाळेच्या मैदानाच्या कडेचा हा जुना शिरीष. त्याची एक फांदी — फांदी कसली, दुसरं झाडच ते — सरळ झोपाळ्यांवर गेलेली. सुट्टी संपायच्या आत ती उतरवायची होती. शाळेचा माळी सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. मुलं आली की माझं ऐकणार नाहीत, तुमचंही ऐकणार नाहीत आणि झाडाचं तर मुळीच नाही, असं म्हणून तो स्वतःच हसला होता. मामाही हसला होता. माळ्याचे ओठ थांबले आणि दात दिसले, म्हणजे आता हसायचं असणार, एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

दिवस जेमतेम वर आला होता आणि मामा थकला होता. काम अजून सुरूही झालं नव्हतं. हल्ली हे असंच; झोपून उठावं तर दिवसभर राबून आल्यासारखं अंग. वय झालं, दुसरं काय.

पलीकडे भाची पाठमोरी उभी राहून दोराला गाठ मारत होती. खार म्हणतो तो तिला. लहानपणी ती दाराच्या चौकटीवर चढून बसायची तेव्हापासून. मामाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि खार त्याच्या जागी झाडावर जायला लागली. आता ती वर, तो खाली दोर धरून. बहिणीने तेव्हा एकच वाक्य म्हटलं होतं. "तू खाली आहेस म्हणून सोडते हं दादा, नाहीतर माझी छाती नाही." तेव्हापासून मामा-भाचीचा नियम ठरलेला. दोर बोटांतून सगळा सरकवून बघायचा, झाडाभोवती फिरायचं, आणि मग मामाने लाकडी मोगरीने खोड ठोकायचं... मुळाशी, कमरेच्या उंचीला, जिथे फांदी फुटते तिथे. भरलेलं खोड खणखणीत बोलतं. पोखरलेलं खोड रिकाम्या डब्यासारखं. मामाने मान हलवली तर खार चढणार. नाही हलवली तर नाही. त्यावर वाद नाही, चर्चा नाही.

त्याने ठोकलं.

उशीवर चापट मारावी तसं. हाताला धक्का कळला, मनगटातून कोपरापर्यंत चांगला कळला, पण कानांत... कानांत ती नेहमीची शिट्टी तेवढी, बारीक, न थांबणारी, कुणीतरी लांब कुकर लावून विसरून गेल्यासारखी.

चेनसॉने खाल्ले कान. आणि दोष तरी कुणाला द्यायचा? पोरीला तो रोज ओरडतो, कान झाक, आधी कान झाक, मग मशीन चालू कर. स्वतः जन्मात झाकले नाहीत. कान झाकल्यावर लाकूड कसं ऐकू येणार? फांदी जायच्या आधी आतला धागा तुटतो, कट् करून, अगदी हलका, आणि त्या कट्ने त्याला दोनदा जिवंत खाली उतरवलं होतं. म्हणून मशीन कानाशी किंचाळत असतानाही त्याने कान उघडे ठेवले, लाकडासाठी. आणि त्या उघड्या कानांतूनच मशीनने हळूहळू सगळं लाकूड उचलून नेलं. कुणाला सांगितलं तर हसेल. बहिणीलाही सांगितलं नाही. फोनवर ती बोलते, तो हो हो म्हणतो. अशाच एका 'हो'पायी एका रविवारी तिचं जुनं कपाट टेम्पोतून त्याच्या दारात उतरलं होतं. ठेवून घेतलं. काय करणार!

पण झाडाला नुसतं हो म्हणून कसं चालेल? तिथे त्याने दुसरी वाट काढली होती. ठोकायचं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून खारीकडे बघायचं. तरणे कान तिचे, दोन वर्षं ऐकतेय. तिच्या भुवया जवळ आल्या की तो गंभीरपणे म्हणायचा, नको, इथून नको. तोंड मोकळं असलं की मान हलवायची. अख्खा हंगाम असा निघाला. काही बिघडलं नाही. तिचे कान, माझा अनुभव... तो मनाशी म्हणायचा, एवढ्यावर घरं चालतात, झाड का चालू नये?

आज ती वळली, तर हेल्मेटची जाळी खाली ओढलेली. कानांवर मफ. चेहरा नाहीच. जाळीमागे नुसता काळोख, आणि हनुवटी वर झाली — म्हणजे विचारतेय, चढू?

मान हलवायला काय लागतं! मानेला काही वजन नसतं. माळी बघतो आहे, ऊन चढतं आहे, आणि बटणाएवढी अळंबी म्हणजे काही... त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा उशी. जाळीमागे काळोख. त्याची मान हलायला निघालीच होती. आणि मग कुठून कोण जाणे, त्याला तिचे बूट दिसले — लेस दुहेरी बांधलेली, त्यानेच शिकवलेली — आणि मान जागच्या जागी राहिली.

त्याने खुणेने तिला जाळी वर करायला लावली, मफ काढायला लावले. "आज तू ऐक," तो म्हणाला. "मी ठोकतो, तू सांग."

"आज परीक्षा का?" ती हसली आणि अगदी जवळ येऊन उभी राहिली.

त्याने ठोकलं. मुळाशी. कमरेला. वर, हात पोचेल तिथे. आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघितलं, तर ती खोडाकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. टक लावून, बारीक डोळे करून, वर्गातली मुलं पुढच्याच्या पेपरात बघतात तशी.

"सांग की."

"काय सांगू? मला कुठे कळतं त्यातलं, मामा!" ती मोठ्याने, तोंड त्याच्यासमोर आणून म्हणाली, बोलते ती नेहमी तशीच. "मला सगळं सारखंच वाटतं. मी तुझ्या तोंडाकडे बघते. तुझं तोंड वाकडं झालं की समजते, काहीतरी गडबड आहे."

मोगरी हातातच राहिली.

म्हणजे याच हंगामात दवाखान्यामागच्या झाडाशी तिच्या भुवया जवळ आल्या, त्या त्याच्या जवळ आल्या म्हणून. आणि त्याच्या का आल्या होत्या? त्या रात्री झोप लागली नव्हती म्हणून असेल. आणि तळ्याकाठच्या त्या उंच, वाळक्या झाडाखाली दोघांची तोंडं मोकळी होती, कारण सकाळ छान होती, चहा चांगला झाला होता... आणि ती वर गेली. शेंड्यापर्यंत. दोन आरसे समोरासमोर टांगलेले, मध्ये झाड. आणि झाडाला कुणीच विचारलेलं नाही.

"चढायचा पट्टा काढ," तो म्हणाला.

"पोकळ आहे?"

"काढ तर. सांगतो."

माळी कुरकुरत आला. मामाने त्याला झोपाळ्यांभोवती दोर बांधायला सांगितलं. खाली कुणी फिरकायचं नाही, आणि फांदी घ्यायची तर माणसाला वर उचलणारी पाळण्याची गाडी आणून, बाहेरून, झाडाला अंगाचं वजन न देता. माळी बराच वेळ काहीतरी बोलला. मामाने या वेळी हो म्हटलं नाही. पुन्हा झोपाळ्यांकडे बोट दाखवलं, शेवटी माळी दोर आणायला गेला.

खारीने पट्टा सोडला, गवतावर टाकला आणि मामाशेजारी मांडी घालून बसली. पाणी प्यायली. उन्हात तिचं तोंड लाल झालं होतं, आणि त्यावर कौतुक होतं... निखळ, मूर्ख, आंधळं कौतुक.

"सांग ना मामा. कसं ओळखलंस?"

हंगामातली सगळी झाडं एकामागून एक उभी राहायला लागली. प्रत्येकात ती, पानांतून खाली डोकावणारी, हात हलवणारी. आणि खाली तो, दोर धरून, हसणारा. सकाळपासूनचा थकवा कुठे गेला कळलं नाही. अंग टक्क जागं झालं होतं. हे वय नव्हतं तर. ऐकतोय असं दाखवत राहायचं ओझं होतं हे, आणि आपण त्याला वय म्हणत होतो.

तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते. नेहमीसारखा त्याने चेहरा सारखा करायला घेतला, भुवया सैल, ओठ मिटलेले, जाणत्या माणसाचे... आणि तो मध्येच थांबला. राहू दे. जे दिसतंय ते दिसू दे तिला. मग तिने काय वाचायचं ते वाचावं.