डिंकरावांची चिठ्ठी

आमच्या वनस्पती संग्रहालयात माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सगळे डिंकराव म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी वाळलेली झाडं जाड कागदावर डिंकाने चिकटवली. डोंगर पालथे घालून झाडं आणणारेही तेच, पण लेबलवर नाव लागायचं साहेबांचं. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा नमुना दोन्ही हातांनी उचलते एवढं बघून त्यांनी मला मुलासाठी हेरलं. नवऱ्याला मी पसंत पडले की नाही, हे मला लग्नानंतर कळलं.

आता ते घरीच असतात, नाकाशी प्राणवायूची नळी लावून. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची सुरू केली आहे. म्हणूनच मला घाई झाली होती. त्यांनी पूर्वी डोंगरावरून आणलेल्या, कुणीही न ओळखलेल्या एका गठ्ठ्यात मला नवी जात सापडली होती. झाडाच्या लॅटिन नावात दोन शब्द असतात. पहिला घराण्याचा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. हा दुसरा शब्द मी त्यांच्या नावावरून केला. लेख स्वीकारला गेला, छपाईआधीची प्रत तपासायला आली, आणि बाबांनी दूधवाल्यापासून नर्सबाईंपर्यंत सगळ्यांना ते नाव म्हणून दाखवलं. शेवटचं अक्षर ते जरा जास्तच लांबवायचे.

संपादकांनी एक साधी गोष्ट विचारली होती, गठ्ठ्यात एकूण कागद किती. मोजायला म्हणून मी गठ्ठा सोडला. तळाशी एक जुनाट, पिवळा कागद होता. तो मी कैक वर्षांपूर्वी पाहिला होता आणि बाबांनी चुकून भलत्या जागी घातला असं समजून सोडून दिला होता. लेबलवर घराणंच वेगळं होतं, मग बघायचं कशाला? आज मात्र त्यातलं एक फूल गरम पाण्यात भिजवून भिंगाखाली उघडलं. पाकळीच्या मुळाशी केसांची तीच बारीक कड, जिच्यावरून मी नवी जात ठरवली होती.

नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी या झाडाला नाव देऊन मोकळं झालं होतं, कुणा साहेबाच्या बायकोचं. घराणं चुकलं होतं, पण आमच्यात नियम पक्का आहे. घराणं बदलता येतं, जातीचा शब्द जो आधी छापला तोच राहतो. म्हणजे बाबांचं नाव गेलं.

कागद पुन्हा तळाशी ठेवला असता तर पुढची पन्नास वर्षं कुणाला पत्ता लागला नसता. खोटं कशाला सांगू, मी तो ठेवलाही होता. गठ्ठ्याची गाठ मारताना हात थांबला. अशी गाठ बाबांनीच मला शिकवली होती.

नमुना संग्रहालयाबाहेर न्यायचा नसतो. एक नियम पाळायचा म्हणून मी दुसरा मोडला आणि तो कागद घरी घेऊन आले.

बाबांनी आधी त्याबद्दलच झापलं. मग कागद मांडीवर घेतला आणि म्हणाले, "हा मीच ठेवला होता तिथे."

"चुकून?"

"चुकून कसा? एकच झाड आहे ते. केस बघ ना."

मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही. तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं, ते म्हणाले. साहेब म्हणाले, डिंकराव, तुम्ही डिंक बघा. मग जरा श्वास घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुलाही सांगितलं होतं. नवी लागली होतीस. हसलीस."

मला आठवलं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. मी विचारलं, मग मी नवी जात म्हणाले तेव्हा का नाही बोललात? ते म्हणाले, "मला वाटलं, तू कागद बघितला असशील. माझंच चुकलं असेल."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. नावाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. आधी ज्याने दिलं त्याचंच, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. फक्त दूधवाल्याला आता काय सांगायचं, एवढं त्यांनी विचारलं.

लेख मागे घेत असल्याचं पत्र मी तिथेच बसून लिहिलं. मग पर्समधून एक कोरी चिठ्ठी काढली. झाड कुणी ओळखलं हे लिहिणारी चिठ्ठी, जी नमुन्याच्या कोपऱ्यात कायमची चिकटवतात. साहेब लोकांच्या अशा हजारो चिठ्ठ्या बाबांनी लावल्या होत्या. मी वर झाडाचं, त्या साहेबाच्या बायकोवरून दिलेलं जुनं नाव दुरुस्त घराण्यासकट लिहिलं. खाली 'ओळखणारा' या शब्दापुढे बाबांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. आमच्या इमारतीत ते पूर्ण कुणी कधी लिहिलं नव्हतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग डिंक मागितला, पातळ. बोटाने चारही कडांना लावला आणि चिठ्ठी तळहाताने दाबून धरली. चिठ्ठी तिरकी बसली. चाळीस वर्षांत त्यांची एकही चिठ्ठी तिरकी बसली नव्हती. मी सरळ करायला पुढे झाले.

"राहू दे," ते म्हणाले. "ओली असताना हात लावायचा नाही."