हर्षिताची चौकशी

मला राग लवकर येतो हे ग्वाल्हेरच्या साऱ्या दाना ओलीला ठाऊक आहे. मुलींच्या शाळेत उभा जन्म गेला, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि समोरचा खोटं बोलतोय असं दिसलं की माझ्या तळपायाची आग अजूनही मस्तकात जाते. पण एका कोरियन मालिकेपायी मला माझ्याच मैत्रिणीच्या घरात आरोपीसारखं उभं राहावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दर गुरुवारी दुपारी आम्ही तिघी लीलाकडे जमतो. लीला टोपी बाजारात राहते, खाली दुकानं आणि वर घर. तिच्या शंतनूने बंगळुरूला जाताना आईला भिंतभर टीव्ही लावून दिला, म्हणून जमायचं तिच्याकडे. तिसऱ्या शांताताई, शिंदे की छावनीतल्या. त्यांचे सूर्याजीराव गेले तेव्हापासून घरात त्या आणि त्यांची मुलगी हर्षिता, अशा दोघीच. लीलाचा गुरुवारचा उपवास, त्यामुळे आम्हालाही साबुदाण्याची खिचडी.

ती मालिका हर्षितानेच आम्हाला लावून दिली होती, हिंदीत डब केलेली. मोठ्या शहरातलं हॉस्पिटल सोडून एक डॉक्टरीण समुद्रकाठच्या गावात येते, मासळी बाजाराच्या वर दोन खोल्या घेते आणि मनाने खचलेल्या माणसांना समोर बसवून ऐकत राहते. औषधही देते, पण त्याआधी विचारते, "बहुत थक गई हो न?" एवढं विचारलं की समोरचा माणूस रडतो, आणि त्याच्या मागोमाग इकडे टोपी बाजारात आम्ही तिघी. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू? आयुष्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. खिचडी गार व्हायची, खालून ठेलेवाल्यांची हाकाटी यायची, आणि आम्ही आपल्या डोळे पुसत पुढचा एपिसोड लावायचो. मधल्या वेळात एकमेकींना अशा गोष्टी सांगायचो, ज्या सख्ख्या बहिणींनाही कधी सांगितल्या नव्हत्या.

अशाच एका गुरुवारी शांताताईंनी ते सांगितलं. मालिकेतली एक मुलगी वडील गेल्यापासून झोपत नव्हती, नोकरीवर जात नव्हती, आणि डॉक्टरीण तिच्याशेजारी नुसती बसून होती. शांताताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आमची हर्षिता पण अशीच झाली होती हो. रात्र-रात्र जागी. बँकेत जाणं सोडलं होतं. मग तिनेच डॉक्टर शोधला, मनाचा. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला दाखवायला जाते. आता बघताय न तुम्ही, किती छान आहे ती."

लीलाने त्यांना जवळ घेतलं. मी म्हटलं, "शांताताई, वाघीण आहे तुमची पोरगी." मग आम्ही तिघी पुन्हा रडलो, या वेळी आपल्या माणसासाठी.

आता चौकशीचं सांगते. ग्वाल्हेरात मराठी घरं मोजकी. इंदूर-देवासकडच्या लोकांना इथल्या मुलीचं स्थळ गेलं की ते इथल्या कुणालातरी फोन करतात. मुलगी कशी, घर कसं, काही आहे-नाही. कुणाला विचारायचं तेही बहुधा मुलीकडचेच सुचवतात, आणि ते नाव बऱ्याचदा माझं असतं. निम्म्या पोरींना मी शिकवलंय, आणि मी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती आहे. हर्षितासाठी देवासचं स्थळ आलं तेव्हाही शांताताईंनी माझंच नाव दिलं. मुलगा समरजीत, इंजिनिअर. दोघं भेटली, पसंती झाली, पत्रिका उत्तम जुळली, साखरपुड्यासाठी हॉल बघणं सुरू झालं. उरली होती फक्त रीत म्हणून करायची चौकशी.

मुलाचे काका जगदेवराव, त्यांचा फोन आला. "बाईसाहेब, मुलगी कशी आहे?"

मी म्हटलं, लाखात एक. शिकलेली, कमावती, आईला सांभाळणारी. आणि हिंमत बघा, वडील गेल्यावर मन खचलं तर घरात कुढत बसली नाही, स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे गेली. अजूनही जाते. असं किती जण करतात? हे सगळं मी छाती फुगवून सांगितलं. इतके महिने ती मालिका बघून मला वाटायला लागलं होतं की हे ऐकल्यावर माणसं हळवी होतात. जगदेवराव "अच्छा, अच्छा" म्हणाले. मला ते कौतुकच वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला कुठलं कळायला!

आठवडा उलटायच्या आत त्यांचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका! त्यांच्याच गुरुजींनी गुण मोजून पेढे खाल्ले होते. आठवड्यात ग्रह फिरले की देवासला आकाशच निराळं आहे? मी संतापून शांताताईंना फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. शेवटी लीलाचा आला. म्हणाली, "गुरुवारी ये. बोलायचं आहे." आवाज असा, की जणू मीच काहीतरी चोरून पळाले होते.

गुरुवारी गेले तर टीव्ही बंद. कोचावर शांताताई, त्यांच्याशेजारी लीला, आणि खिडकीपाशी हर्षिता, बँकेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेली. मला कुणी बस म्हटलं नाही.

"सीमंतिनीताई, तुमच्याशी बोलल्यावरच त्यांची पत्रिका फिरली. डॉक्टरचं तुम्ही सांगितलंत त्यांना?" शांताताईंनी विचारलं.

"सांगितलं. का, खोटं होतं?"

"खरं-खोटं गेलं चुलीत! मी विश्वासाने बोलले होते. इथंच, या कोचावर बसून. ठरलेलं लग्न मोडलंत तुम्ही माझ्या पोरीचं."

"मी मोडलं?" माझा आवाज चढला. "आणि त्या परक्या मुलीसाठी आपण रुमाल भिजवतो ते काय? ती डॉक्टरकडे गेली की टाळ्या, आणि आपली पोर गेली की तोंडाला कुलूप? मग दर गुरुवारी रडतो कशाला आपण? टीव्हीचं बिल वसूल करायला?"

"अगं, ते कोरियात चालतं," लीला म्हणाली. "देवासमध्ये नाही चालत. रिश्ता व्हायचा असला की चार गोष्टी झाकून ठेवायच्या असतात. एवढं पण समजत नाही का तुला?"

"झाकून ठेवायला तिने काय डाका घातलाय?"

"आवाज खाली कर, दुकानात ऐकू जातंय."

"जाऊ दे!"

हर्षिता खिडकीबाहेर बघत होती. ते बघून माझा राग आणखीच वाढला. वाटलं, या दोघींना मुळीच कळत नाहीये, ज्यांनी केलं त्यांच्याच तोंडून ऐकवावं. पर्समधून फोन काढला, जगदेवरावांना लावला, आणि स्पीकर चालू करून टीपॉयवर ठेवला.

"आता ऐका, पत्रिकेचं काय झालं ते," मी म्हटलं.

"नमस्कार बाईसाहेब!" जगदेवरावांचा आवाज तुपात घोळलेला. "आपले मोठे उपकार झाले हो. आपण खरं बोललात म्हणून वाचलो, नाहीतर फसलोच होतो."

"तुम्ही तर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलंत."

"अहो, तसं म्हणायचं असतं. मुलीवाल्यांचं मन कशाला दुखवा? आमच्या समरजीतला तर बिचाऱ्याला काही पत्ताच नव्हता. विचारलं तर म्हणाला, काका, मला अंधारात ठेवलं त्यांनी. बरं, ते जाऊ द्या. ग्वाल्हेरचीच आणखी एक मुलगी सांगून आली आहे. आपल्या शाळेतली असेल बहुतेक. आपण खरं सांगता, म्हणून आपल्यालाच विचारतो आहे..."

मी तोंड उघडलं. शिव्या खूप सुचल्या, पण सगळ्या एकदम दाराशी आल्या आणि एकही बाहेर पडेना. माझं खरं बोलणं हा माणूस चाळणीसारखं वापरत होता, नको वाटली ती मुलगी खड्यासारखी बाजूला काढायला. आणि ती चाळणी मीच त्याच्या हातात दिली होती.

"झूठ बोल रहा है समरजीत," हर्षिता म्हणाली. हळूच, आईकडे बघत. "आई, पहिल्या भेटीतच सांगितलं होतं मी त्याला. कॉफी यायच्या आधी. डॉक्टर, गोळ्या, सब कुछ. तो म्हणाला, उसमें क्या है, आजकल सब जाते हैं. घरी मी सांगतो म्हणाला."

"कोण बोलतंय तिथं?" फोनमधून विचारणा झाली.

शांताताई मूळच्या कमी बोलणाऱ्या. परक्या पुरुषाशी चढ्या आवाजात बोलणं त्यांच्या घरात कुणी केलं नाही, त्यांनीही कधी केलं नव्हतं. त्या उठल्या आणि त्यांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"मी हर्षिताची आई बोलते आहे, जगदेवराव. माझी मुलगी डॉक्टरकडे जाते. गोळ्या घेते आणि नोकरीही करते. हे तिने तुमच्या समरजीतला स्वतः सांगितलं होतं, आणि त्याला घरी ते कबूल करायची हिंमत झाली नाही. पत्रिकेच्या आड तुम्ही लपलात, आणि मी माझ्या मुलीला लपवत बसले. माझं चुकलंच. आता कुणी तुमच्या समरजीतची चौकशी केली तर त्यांना माझा नंबर द्या. मी पण खरं सांगेन."

पलीकडून फोन बंद झाला. लीलाने तो शांताताईंच्या बोटांतून सोडवून घेतला. लीला रडत होती. मला मात्र उधाण आलं होतं.

"शाब्बास, शांताताई!" मी म्हटलं. "बघा, हेच तर मी म्हणत होते. हे आधीच बोलला असतात तर—"

"काकू," हर्षिता म्हणाली.

मी थांबले.

"तुम्ही खरं बोललात. पण ते माझं होतं न? समरजीतला मी सांगितलं, ते ठरवून सांगितलं. किसको बताना है, कब, कितना. दोन दिवस विचार केला होता मी त्या गोष्टीवर. तुमच्याकडे माझा नंबर आहे, काकू. एक फोन करायचा होता, की त्यांनी विचारलं तर सांगू का. शायद मैं हाँ बोल देती."

"अगं, पण मी तुझं कौतुकच केलं—"

"कौतुक केलंत. विचारलं नाहीत."

मी लीलाकडे पाहिलं, ती शांताताईंच्या पाठीवरून हात फिरवत होती. शांताताई माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेत मघाचा राग तसाच होता. एक कणही उतरलेला नव्हता. मला आधी संतापच आला. सगळ्या जगाने खोटं बोलावं आणि शेवटी कान धरावा तो माझा? पण समरजीतला आणि जगदेवरावांना शांताताईंनी सुनावून झालं होतं, या दोघींवर माझं ओरडून झालं होतं, आणि समोर उभ्या असलेल्या मुलीवर ओरडावं असं तिने काहीच केलं नव्हतं.

"चुकलं माझं, हर्षिता," मी म्हटलं. जन्मभर हे वाक्य पोरींकडून वदवून घेतलेलं, स्वतः म्हणायची सवय नाही. त्यामुळे तेसुद्धा भांडल्यासारखंच बाहेर पडलं.

ती हसली नाही. "ठीक आहे," म्हणाली, आणि आईचा हात हातात घेऊन तिच्याशेजारी बसली. मी तशीच उभी होते.