मी तेवीस तारीख आहे

मित्रांनो, मी एक तारीख आहे. जुनी झाले, पण शिळी झालेली नाही. माझी कीव करू नका. ऐका आणि लक्षात ठेवा.

माझा जन्म दवाखान्याच्या खिडकीवर झाला. इस्त्रीचं काम करणारी एक बाई आपल्या मुलीला खांद्यावर टाकून आली होती. नर्सने विचारलं, "कधीपासून?"

"तेवीसपासून, सिस्टर. सकाळी गणवेशाला इस्त्री करत होते आणि पोर माझ्या पायाशी ओकली. तोवर ठणठणीत होती."

नर्सने मला यंत्रात टाइप केलं. पूर्ण अंगाची, दिवस, महिना आणि सालासकट. मुलीला सलाईन लागलं आणि मी एका लांबलचक रकान्यात जाऊन बसले. शेजारी माझ्यासारख्याच तारखा होत्या, वीस, एकवीस, बावीस. सगळ्या एकाच वस्तीतल्या, सगळ्या जुलाब-उलट्यांच्या. वस्तीत अठरा तारखेला नवी पाण्याची टाकी सुरू झाली होती. नळ बंद करायचा की नाही, हे आम्हीच सांगणार होतो.

पण आकडेवारीच्या कचेरीत आमच्यावर कात्री चालली.

तिथली आकडेवाली बाई हुशार होती आणि घाईतही होती. तिने प्रोग्रामला हुकूम दिला, आजाराच्या सगळ्या तारखा महिन्यापर्यंत छाट. का, तर आलेखाचे खांब नीटनेटके दिसावेत. प्रोग्रामला बिनदिवसाची तारीख चालत नाही. दिवस कापला की तिथे तो मुकाट एक बसवतो. झालं! मी तेवीसची एक झाले. आम्ही सगळ्याच एक झालो. मी ओरडले, पण रकान्यातला आवाज बाहेर जातो कुठे?

टाकीच्या तारखेला मात्र कोणी हात लावला नाही. ती अठराच राहिली. मग प्रोग्रामने वजाबाकी केली आणि उत्तर आलं, आजार आधी, टाकी नंतर. टाकी निर्दोष!

नळ अजून चालूच का, हे विचारायला इस्त्रीवाली कचेरीत येऊन धडकली. मोठ्या साहेबांनी तिच्यापुढे आलेख सरकवला. "हे बघा बाई, तुमच्या वस्तीत आजार एक तारखेपासूनच आहे. टाकीचा संबंध नाही."

"एक तारखेला?" बाई उसळली. "एक तारखेला माझी पोर शेजाऱ्याच्या भिंतीवरून उड्या मारत होती, साहेब. त्यांची तक्रार आली होती घरी. तुमच्या कागदात ती ओकत होती होय?"

आकडेवालीचा चेहरा उतरला. तिने आपला हुकूम पुन्हा वाचला. "साहेब, छाट मी मारली. सगळ्यांना एक तारखेला नेऊन बसवलं."

"मग छाटू नका ना. जवळच्या महिन्याला गोल करा. त्यात काय एवढं?"

तिने तसं केलं. मी महिन्याच्या उत्तरार्धातली, म्हणून या खेपेला पुढच्या महिन्याच्या एक तारखेवर जाऊन आदळले. साहेब खूश. "बघा! टाकी सुरू झाली आणि कितीतरी दिवसांनी आजार आला. दूषित पाणी एवढी वाट बघतं का?"

मागे ढकललं तरी टाकी सुटते, पुढे ढकललं तरी टाकीच सुटते. याला म्हणतात चित भी मेरी, पट भी मेरी.

"टाकीची तारीख का नाही गोल केली?" आकडेवालीने विचारलं.

"ती कशी करणार? दगडावर कोरलीय ती. पाहुण्यांनी फीत कापलीय."

"आणि माझ्या पोरीची काय पाण्यावर लिहिलीय?" इस्त्रीवाली म्हणाली. "घरी धाकटा आहे, साहेब. तो आत्ताही तेच पाणी पीत असेल."

आकडेवाली ताठ झाली. "साहेब, एकच कात्री सगळ्यांना. टाकीलाही छाटून त्याच महिन्याच्या एक तारखेला नेते. पाहुण्यांनी फीत कापली त्याच्या आधीच पाणी सोडलं होतं, असं अहवालात जाईल. करा सही."

साहेबांचा हात पेनाजवळ जाऊन थबकला. मग ते पुटपुटले, "मूळ तारखा आहेत का?"

होत्या. तिने दवाखान्याची फाईल पुन्हा उघडली, गोल करायची ओळ खोडली आणि मी परत तेवीस झाले. पडद्यावर दिवसागणिक ठिपके उमटले. अठराच्या अलीकडे सामसूम, पलीकडे नुसती दाटी. साहेबांनी फोन उचलला. "टाकीचा व्हॉल्व्ह बंद कर. हो, आत्ता. मी सांगतोय ना!"

"ताई, माझं चुकलं," आकडेवाली म्हणाली.

"ते नंतर बघू. आधी घरातलं पाणी ओतून टाकू दे," असं म्हणत इस्त्रीवाली जिन्यावरून धावत सुटली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही आमच्यासारख्यांना हाताळाल. छाटायचं तर खुशाल छाटा, गोल करायचं तर करा, पण आमची नक्कल काढून तिच्यावर. मूळ रकान्याला हात लावू नका. आणि कात्री लावायचीच तर दगडावरच्या तारखेलाही लावा. आमच्यातली प्रत्येक तारीख कुणाच्या तरी घरी उजाडलेली सकाळ असते. ती पुसणारा कितीही मोठा असो, मी त्याच्या तोंडावर सांगेन, तुझा हिशेब खोटा आहे.